कोरगावच्या भाटीतलं अर्धवट गाऱ्हाणं

काजूचा हंगाम सरला, शेवटची फेणी गाळून झाली, की कोरगावच्या बाबलीची भाटी पुढच्या वर्षापर्यंत ओस पडते असा लोकांचा समज आहे. तो साफ चुकीचा. पावसाळ्यापासून पार शिमग्याच्या तोंडापर्यंत त्या खोपीत गौरेश गवस बसलेला असतो, आणि तिथून जे आवाज येतात ते ऐकून नवखा माणूस आल्या पावली मागे फिरतो. एरवी ज्यात काजूचा रस उकळतो ते तांब्याचं अजस्र भाण गौरेश रबर गुंडाळलेल्या हातोड्याने वाजवतो. एक ठोका दिला की तो आवाज खोपीतून बाहेर पडून काजूच्या झाडांत हिंडून परत येतो. त्यावर बेअरिंग पत्र्याला घासल्याची करकर, त्यावर जुन्या गिटारचं कण्हणं. हे सगळं तो कॅसेटवर उतरवतो.

होय, कॅसेटवरच. तुमच्या-आमच्या घरातल्या कॅसेटी माळ्यावर जाऊन त्यांना बुरशी आली असेल, पण जगात काही वेडे लोक अजून त्यांच्यावर जीव टाकतात. डार्क फोक, इंडस्ट्रियल, ब्लॅक मेटल अशी त्यांच्या संगीताची घराणी. बँडचं नाव काळ्या मुखपृष्ठावर असं लिहायचं की सुकलेल्या मुळ्यांचा गुंता वाटावा आणि कुणालाही वाचता येऊ नये. मूठभर प्रती काढायच्या, त्या संपल्या की संपल्या. फार लोकांना आवडलं तर यांना ओशाळल्यासारखं होतं. युरोपात यातले काही जण तोंडाला पांढरंकाळं फासून जंगलात जाऊन फोटो काढतात. इकडे गोव्यात, पेडणे तालुक्यात तसं केलं असतं तर लोकांनी शिमगा अजून लांब आहे म्हणून आठवण करून दिली असती.

गौरेश त्यातला दिसत नाही. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात डबा. सकाळी तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कारखान्यात मेंटेनन्सला जातो आणि पहिली पाळी संपली की घरी येतो. चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला शेजारचे त्यालाच बोलावतात, कारण त्याने मारलेली गाठ सुटत नाही. कारखान्यात एखादी मोटर कुरकुरायला लागली की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. ही विद्या त्याने डिचोलीला खाणीच्या वर्कशॉपमध्ये वडिलांकडून घेतली. गवसांचं मूळ दोडामार्गकडचं. वडील खाणीवर फिटर, थोरला संदीप खनिजाच्या ट्रकवर, धाकटा गौरेश वर्कशॉपात. आई लवकर गेली, तेव्हा घरात तीन पुरुष आणि तिघांच्याही कपड्यांवर तांबडी धूळ.

या संगीताचा नाद संदीपचा, गौरेशचा नव्हे. दिवसभर त्या धुळीत ट्रक हाकून आल्यावर संदीप कानाला हेडफोन लावून पडायचा. कुठकुठल्या देशांतून कॅसेटी मागवायचा, आपल्या बदल्यात दुसऱ्याच्या घ्यायचा. गौरेशला त्या गोंगाटाचा तिटकारा. वर्कशॉपात जे फुकट ऐकायला मिळतं ते विकत कशाला आणायचं, हा त्याचा सवाल होता, आणि तो अगदीच गैर नव्हता.

मग एके दिवशी वडील कामावरून आले, पाणी मागितलं आणि ते यायच्या आत गेले. संदीप त्या दिवशी बंगळुरूला, कुठल्याशा तळघरात या बँडवाल्यांचा कार्यक्रम ऐकायला गेलेला. फोन बंद. अग्नी द्यायचा मान थोरल्याचा, म्हणून लोक दिवस कलेपर्यंत थांबले. शेवटी गौरेशनेच दिला. दुसऱ्या दिवशी संदीप आला तो अंगात सांगाड्याचं चित्र असलेला काळा शर्ट घालून, डोळे सुजलेले. अंगण माणसांनी भरलेलं. गौरेश दारातून उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "थंयच ऱ्हवाचां होतां. हंय आता तुझां काय काम?"

संदीपने उंबरठा ओलांडला नाही. तुळशीपाशी क्षणभर उभा राहिला आणि गेला. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, तो जहाजावर लागला असं मावसभावाकडून कळलं. त्याचा नंबर बदलला. गौरेशने दोनदा नवा नंबर मागितला, तेव्हा मावसभावाने मान खाली घालून सांगितलं की देऊ नको म्हणून बजावलंय. त्यानंतर गौरेशने विचारलं नाही. माणूस वाईट नव्हता, पण बोललेला शब्द परत कसा घ्यायचा हे त्याला कुठल्याच वर्कशॉपात शिकवलेलं नव्हतं.

डिचोलीचं घर सोडून कोरगावला बिऱ्हाड हलवताना खाटेखाली संदीपची कॅसेटींची पिशवी निघाली. बायको प्राजक्ताने विचारलं, ठेवायची की टाकायची. गौरेशने एक टेपरेकॉर्डर पैदा केला. आपला भाऊ बापाच्या शेवटच्या दिवशी ज्यासाठी घराबाहेर राहिला त्यात आहे तरी काय, हे त्याला एकदा बघायचं होतं. राग होता, पण रागातसुद्धा हा माणूस आधी तपासणी करतो.

पहिली कॅसेट लावली आणि त्याला वाटलं टेपरेकॉर्डर बिघडला. त्याने तो खोलला, साफ केला, तेल दिलं, पुन्हा लावली. तोच आवाज. दुसरीत कुठल्यातरी कारखान्यातला प्रेस चालला होता, आणि त्याचं बेअरिंग गेलंय हे गौरेशला लगेच कळलं. तो कित्येक दिवसांनी हसला. तिसऱ्या कॅसेटीत मात्र एक पुरुष एकाच सुरात काहीतरी म्हणत होता, मागे एकच ढोल, सावकाश. भाषा कुठली देव जाणे. पण तो माणूस कुणाकडे तरी काहीतरी मागतोय एवढं स्पष्ट होतं. गौरेशने ती बाजू संपेपर्यंत ऐकली, मग उलटून दुसरीही ऐकली. प्राजक्ता चहा घेऊन आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे गाल ओले होते. इतक्या वर्षांत त्याने भावाला कधी विचारलं नव्हतं, की तुला यात काय ऐकू येतं.

ती अख्खी पिशवी त्याने ऐकून काढली, जसं मशीनचं पुस्तक वाचतात तसं. मग स्वतःचं करू लागला. खाणीच्या वर्कशॉपात असताना त्याला एक सवय होती. धडधाकट मशीनचा आवाज फोनवर टिपून ठेवायचा आणि ते आजारी पडलं की दोन्ही आवाज ताडून बघायचे. मशिनं भंगारात गेली, आवाज उरले. त्या आवाजांचा त्याने पहिला अल्बम केला. जी मशिनं वडिलांनी हयातभर जगवली ती पुन्हा एकदा चालू झाली. फार सुरेख काम होतं ते, आणि एवढं सुरेख काम करून हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी निमूट डबा घेऊन पाळीवर गेला. त्याच्या टोपणनावामागे कोण आहे हे कारखान्यात आजही कुणाला ठाऊक नाही. अल्बम उतरवूनही घेता येतात त्या इंटरनेटवरच्या त्याच्या पानावर नाव एवढंच: भाण, कोरगाव, गोवा.

भाटी मिळाली ती बाबलीच्या कृपेने. बाबली म्हणजे शेजारचा काजूवाला, सत्तरीचा, गावात गाऱ्हाणं घालणारा माणूस. कुठलंही कार्य असो, नारळ ठेवून देवाला आणि सीमेवरच्या राखणदाराला मोठ्याने सांगावं लागतं की आम्ही अमुक करतोय, सांभाळून घे. प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून जाप द्यायचा, म्हणजे ते मागणं सगळ्यांचं होतं. बाबलीने देवळात गाऱ्हाणी घातली आहेत, नाटकाला, व्हॉलीबॉलच्या सामन्याला आणि एका पाण्याच्या पंपाला सुद्धा, आणि पंप अजून चालू आहे. गौरेशचं संगीत ऐकून त्याने एवढंच म्हटलं की राखणदाराला विचारून वाजव, तो काळोखात फिरतो, दचकायचा. तेव्हापासून गौरेश रेकॉर्डिंगच्या आधी एक विडी पेटवून खोपीबाहेरच्या दगडावर ठेवतो. युरोपातले याचे भाऊबंद काळोखाला भिण्यासाठी गाणी करतात. पेडण्याच्या माणसाला काळोखात आपल्यासाठी कुणीतरी काठी घेऊन गस्त घालतंय हे लहानपणापासून माहीत असतं.

पहिल्या तीन अल्बमांत माणसाचा आवाज नव्हता. गौरेश स्वतः तोंड उघडत नसे, मशीनच्या आडून बोलणंच त्याला सोपं. चौथ्याला मात्र आवाज हवा होता, त्या तिसऱ्या कॅसेटीतल्या माणसासारखा. चवथ होऊन गेल्यावर त्याने भीत भीत बाबलीला विचारलं, नमुन्यादाखल एखादं गाऱ्हाणं घालशील का?

बाबली भडकला नाही, पण हसलाही नाही. "नमुन्याचां गाऱ्हाणां नसता रे. मागणां काय आसा तां सांग."

गौरेशने हातोडा खाली ठेवला. मग त्याने अंगणात भावाला बोललेलं वाक्य बाबलीला सांगितलं. प्राजक्तानेही ते त्याच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नव्हतं. वर म्हणाला, नाव नको घेऊ, ही कॅसेट जगभर जाते. बाबली म्हणाला, नाव घेतल्याशिवाय देव कुणाला शोधणार, आणि जगाला काय डोंबल कळणार आहे?

एका रविवारी सकाळी नारळ ठेवला. जाप द्यायला प्राजक्ता आणि बाबलीची बायको कमलाक्षी उभ्या राहिल्या. बाबलीने हात जोडले आणि सत्तरीतला तो आवाज भाणाच्या घुमण्यावर चढला.

"बा देवा म्हाराजा, शिमेवयल्या राखणदारा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू गौरेश आज तुका हाक मारता रे म्हाराजा. तेचो थोरलो भाव संदीप रागान घर सोडून गेलो. चूक ह्येची. भरल्या माणसांत नको तां बोललो, ती चूक आज हो पदरात घेता रे म्हाराजा. तो जंय आसात थंय तेका सुखी ठेव, आणि एकदां तरी तेचो आवाज ह्या घराक आयकव रे म्हाराजा."

प्रत्येक 'रे म्हाराजा'नंतर बायकांनी जाप दिला. पण पहिल्या जापात कमलाक्षीला खोकला आला, दुसऱ्यात तिच्या बांगड्या माईकवर वाजल्या आणि नेमक्या त्याच वेळी वाटेवरून पोदेर गेला, पाव विकणाऱ्यांचा तो रबरी भोंपू पों पों करीत. शेवटच्या जापात तर प्राजक्ताला हुंदका आला आणि शब्दच फुटले नाहीत. गौरेशने घरी बसून ते साफ केलं. साफ करणं हा त्याचा पेशा. खोकला, बांगड्या, पोदेर, हुंदका, सगळं पुसलं, आणि त्याबरोबर जापही पुसले गेले. त्या जागी त्याने भाणाचा विरत जाणारा घुमारा ठेवला. ऐकायला ते विलक्षण झालं. बाबली मागतो, आणि उत्तरादाखल नुसता एक घुमारा, मग काही नाही. गौरेशने कॅसेटी भरल्या, पाकिटं चिकटवली आणि टपालात टाकली.

वाखाणणी झाली. उत्तरेतल्या कुठल्याशा थंड देशातल्या एकाने लिहिलं की, या अल्बममधली शांतता इतकी भयंकर आहे की दिवा लावून ऐकावी लागली. गौरेशने ते बाबलीला कौतुकाने समजावून सांगितलं आणि टेप लावला.

बाबली ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. संपल्यावर त्याने विचारलं, "जाप खंय?"

गौरेशने पोदेराचं सांगितलं, खोकल्याचं सांगितलं. बोलता बोलता त्याच्याच ध्यानात आलं आणि तो मध्येच थांबला. मशीन सुरू करून बेल्ट चढवायचा विसरावा, तसं झालं होतं. बाबली ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला की माझ्या तोंडून एक गाऱ्हाणं उघडं राहिलं, जापाविना गेलेलं मागणं कुठे पोचत नाही. आणि उठून गेला. त्यानंतर तो चहाला यायचा बंद झाला.

गौरेश या गोष्टी फार मानणाऱ्यांतला नाही. विडी ठेवतो ती बाबलीच्या मनासाठी. तरी त्याची झोप उडाली. अर्धी चूक पदरात घेतली आणि उरलेली स्वतःच्या हाताने पुसली, असं त्याला वाटत राहिलं. बायकांना पुन्हा उभं करून जाप वेगळे घ्यावेत म्हणून तो बाबलीकडे गेला, तर बाबली म्हणाला, कपड्याला ठिगळ लावतात, गाऱ्हाण्याला नाही. बरं, कॅसेटी परत मागवायच्या कशा? त्या समुद्रापलीकडे गेलेल्या, एका माणसाला एक अशा विखुरलेल्या.

शिमगा जवळ आला. काजू धरू लागले. बाबलीला आता भाटी हवी होती, तेव्हा अबोला असला तरी तो चिंच घेऊन भाण घासायला आला, सोबत कमलाक्षी. गौरेश पाळीवरून येऊन आपल्या वायरी आवरत होता. तेवढ्यात त्याच्या पानावर निरोप आला. पाठवणारा त्याच्या ओळखीचा होता, म्हणजे नाव नाही, फोटोच्या जागी काळा चौकोन. या गिऱ्हाइकाने त्याचा प्रत्येक अल्बम निघाल्याच्या दिवशीच उतरवून घेतला होता आणि कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आजही काही लिहिलेलं नव्हतं. नुसती आवाजाची फाइल.

गौरेशने ती स्पीकरवर लावली. आधी नुसती घरघर. त्याचे डोळे आपोआप मिटले. मोठं डिझेल इंजिन, सावकाश फिरणारं, लोखंडी भिंतींच्या आत. जहाज. त्याने डोळे उघडले तोवर बाबलीचा आवाज सुरू झाला होता, अल्बममधला, "ह्यां तुझां लेकरू गौरेश आज तुका हाक मारता रे म्हाराजा." भाणाचा ठोका पडला, घुमारा विरू लागला, आणि त्या मोकळ्या जागेत इंजिनाच्या घरघरीतून एक माणूस म्हणाला, "व्हय म्हाराजा."

बाबलीच्या हातातली चिंच तिथेच राहिली.

चूक ह्येची, असं स्पीकरमधला बाबली म्हणाला, ती हो आज पदरात घेता. या वेळी जाप यायला उशीर झाला. माणूस तिथेच होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मग आला. शेवटचं मागणं आलं, एकदां तरी तेचो आवाज ह्या घराक आयकव, आणि त्यावर त्याने दोनदा म्हटलं, "व्हय म्हाराजा. व्हय म्हाराजा." पुन्हा घरघर उरली. फाइल संपली असं वाटत असतानाच तो परत बोलला, अगदी घरातल्या घरात बोलावं तसा.

"गौऱ्या, तुझ्या भाणाक डावे कुशीक चीर गेली आसा. ठोको फुटता. हंगामा आदीं झाळून घे."

बाबली उठला, कळशी घेतली आणि भाणात पाणी ओतलं. मग गुडघ्यांवर बसून त्याने डाव्या बाजूला बोट फिरवलं. काही वेळ तांबं कोरडंच होतं. मग एका जागी ओल आली, तिचा थेंब झाला आणि खाली ओघळला. महिनोन् महिने त्या भाणाला ठोके देणाऱ्या, मोटरी कानाने तपासणाऱ्या गौरेशला जी चीर ऐकू आली नव्हती, ती कुठल्यातरी समुद्रावरून, इंजिनाच्या गोंगाटात त्याच्या भावाने ऐकली होती.

"एकदां आयकान नाय कळाची ही," बाबली थेंबाकडे बघत म्हणाला. "कितीदां आयकला आसात तेणां."

गौरेश भाणाला पाठ लावून खाली बसला आणि उघड उघड रडला. कमलाक्षीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाबलीने त्याला रडू दिलं. मग ओले हात पंच्याला पुसून तो उभा राहिला. या वेळी नारळ नव्हता, माईक नव्हता, वाटेवरून पोदेराचा भोंपू वाजत होता.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "जसो आवाज हाडलंस, तसो माणूसय घरा हाड रे म्हाराजा."

कमलाक्षी जाप द्यायला तोंड उघडणार होती, पण बाबलीने तिला हाताने थांबवलं. तो गौरेशकडे बघत उभा राहिला. गौरेश धडपडत उठला, भाणाच्या काठाला धरून, आणि इतकी वर्षं मशीनच्या आडून बोलणारा तो माणूस मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा."